बूटलोडर आणि कर्नल : एका यंत्रातील सत्तांतराचा शिरस्ता



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचा असा आग्रह असे की, जी वस्तू आपण नित्य वापरतो तिच्या मुळापर्यंत एकदा तरी उतरून पाहावे. त्या आग्रहाला अनुसरून मी आज असा विषय निवडला आहे की, जो या सभागृहातील बहुतेकांच्या घरी दररोज घडतो आणि घडता घडताच दृष्टीआड होतो. संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर आपले नाव विचारले जाईपर्यंत जी काही सेकंदे जातात, त्या अवधीत यंत्राचा ताबा एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात असतो. आणि ज्या यंत्रावर विंडोज व लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी नांदत असतात, तेथे हा ताबा कोणाच्या हाती द्यावयाचा याचा निवाडाही त्याच अवधीत व्हावा लागतो. हा निवाडा अमलात आणतो तो बूटलोडर, आणि ज्याच्या हाती अखेर सारे यंत्र सोपविले जाते तो कर्नल. या दोघांचा परस्परव्यवहार लेखी आणि जाहीर करारांवर उभा आहे. जेथे करार स्पष्ट लिहिला गेला तेथे चाळीस वर्षांनंतरही व्यवहार सुरळीत चालतो, आणि जेथे तो गृहीत धरण्यावर सोडला गेला तेथे अखेर यंत्राच्या धन्यालाच त्याची झळ सोसावी लागते, असे माझे प्रतिपादन आहे. ते मी शक्य तितक्या तपशिलाने आपणांपुढे मांडणार आहे.

वीज मिळताच प्रोसेसरला काहीही ठाऊक नसते. डिस्क म्हणजे काय, पार्टिशन म्हणजे काय, लिनक्स कोणते आणि विंडोज कोणते, यांपैकी कशाचाही गंध त्याला नसतो. एका ठरीव पत्त्यावरची पहिली आज्ञा वाचावयाची, एवढेच त्याच्या घडणीत असते. १९८१ साली आयबीएमने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला त्यात हा पत्ता एक मेगाबाइटच्या हद्दीपासून १६ बाइट अलीकडे होता, आणि तेथे बायॉस नावाचा, चिपमध्येच कायमचा साठविलेला प्रोग्राम बसविलेला असे. बायॉसने यंत्राची जुजबी तपासणी करावी, डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटांचा तुकडा, मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवावा, आणि पुढचा कारभार त्या तुकड्याच्या हवाली करावा, असा शिरस्ता तेथपासून पडला. पुढे हार्ड डिस्क आल्यावर त्या सेक्टराच्या शेवटच्या दोन बाइटांत ८५ आणि १७० या संख्या आहेत की नाहीत हे पाहूनच तो हवाली करावा, अशी खूणही त्यात रूढ झाली. ३१,७४४ हा पत्ता वरवर पाहता विचित्र दिसतो. पण ३२ किलोबाइट मेमरीच्या शेवटच्या किलोबाइटचा तो आरंभ आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागची काटकसर उमगते. मेमरी महाग असण्याच्या त्या काळात येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला खालची सारी जागा मोकळी मिळावी, म्हणून तिला आणणाऱ्याने आपला मुक्काम अगदी टोकाला ठेवला.

पुढे १९८३ साली पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कचे भाग पाडण्याची सोय आली, आणि त्याच ५१२ बाइटांत एक छोटेसे कोष्टक घातले गेले : प्रोग्रामसाठी ४४६ बाइट, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदींना ६४ बाइट, आणि उरलेले दोन त्या खुणेसाठी. एकाच डिस्कवर एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम नांदू शकतील ही कल्पना या कोष्टकातच गर्भित होती, कारण प्रत्येक नोंदीत तो भाग कोणत्या जातीचा आहे आणि तो सध्या चालता आहे की नाही याची खूण करण्यास जागा ठेवलेली होती. यातली एक बाब मला विशेष मननीय वाटते. पहिल्या सेक्टरातला हा प्रोग्राम सुरू होताच प्रथम स्वतःची नक्कल मेमरीत खालच्या पत्त्यावर करून घेतो आणि मूळची जागा रिकामी करून देतो. कारण ज्या पार्टिशनचा पहिला सेक्टर तो आता आणणार असतो, त्याचीही अपेक्षा आपण ३१,७४४ याच पत्त्यावर उतरावे अशी असते. आपल्याला बायॉसने आणले की आणखी कोणी मध्यस्थाने, हे त्या दुसऱ्या प्रोग्रामला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नसते. एकाच यंत्रात अनेक ऑपरेटिंग सिस्टिम नांदविण्याची पुढची सारी इमारत या अज्ञानाच्या सोयीवर उभी आहे.

परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट कोणीच लिहून ठेवली नाही, आणि ती म्हणजे या पहिल्या सेक्टराची मालकी. चार पार्टिशनांचे चार धनी असू शकत. पण सर्वांच्या आधी चालणारे ते ४४६ बाइट कोणाचे? उत्तर लिहिलेले नसल्यामुळे जो शेवटी येई त्याचे, असा व्यवहार पडला. विंडोजची स्थापना करताना तिने तेथे आपला प्रोग्राम लिहावा आणि आधीच्या लिनक्सकडे जाण्याची वाट बुजावी, हा अनुभव एका पिढीने घेतला, आणि म्हणूनच आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम जाणकार लोक नवख्यांना सांगू लागले. लिनक्सकडे पोचण्याचा मार्ग ठेवण्याचे बंधन विंडोजवर कोणत्याही करारान्वये नव्हते, उलट लिनक्सच्या बूटलोडरांनी मात्र विंडोजची वाट मोकळी ठेवणे हे आपले कर्तव्य मानले. या सौजन्याची नोंद इतिहासाने घ्यावी असे मला वाटते.

लिनक्सच्या आरंभीच्या काळातला प्रसिद्ध बूटलोडर म्हणजे वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो. त्याची रीत साधी होती. फाइल म्हणजे काय, डिरेक्टरी म्हणजे काय, हे त्याला कळत नसे. कर्नलची फाइल डिस्कवरच्या कोणकोणत्या सेक्टरांत पसरली आहे याची यादी तो स्थापनेच्या वेळीच करून ठेवी आणि सुरू होताना त्या यादीबरहुकूम एकेक सेक्टर उचलून आणी. सुरू होताना आपल्या नावाची अक्षरे तो एकेक करून पडद्यावर उमटवी आणि जेथे अडखळे तेथवरच्या अक्षरांवरून दोष कोठे आहे हे ओळखता येई. मात्र नवा कर्नल बसविला आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालविण्याचे राहून गेले, तर ती यादी जुनीच राही. जुन्या पत्त्यावर आता भलतेच काही असे, आणि यंत्र उभेच राहत नसे. कर्नल बदलणारा आणि कर्नल आणणारा यांच्यात संदेशाची काही सोयच नव्हती, हा त्यातला खरा दोष.

या दोषाचे निराकरण ज्या ग्रब नावाच्या बूटलोडरने केले, त्याचा जन्म लिनक्ससाठी झालाच नव्हता. १९९५ साली एरिक बोलेन हे हर्ड ही जीएनयूची ऑपरेटिंग सिस्टिम यूटा विद्यापीठाच्या माख मायक्रोकर्नलवर चालविण्याच्या खटपटीत होते. त्या काळी प्रत्येक कर्नलचा स्वतःचा बूटलोडर असे आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नसे; तेव्हा ब्रायन फोर्ड आणि बोलेन यांनी असा विचार केला की, प्रत्येक जोडीसाठी नवा प्रोग्राम लिहीत बसण्यापेक्षा कोणत्याही बूटलोडरने कोणत्याही कर्नलला कसे उभे करावे याचा एक सामान्य करारच लिहून प्रसिद्ध करावा. हाच मल्टिबूट नावाचा करारनामा, आणि तो पाळणारा बोलेन यांचा बूटलोडर म्हणजेच ग्रब. या करारनाम्याची कलमे वाचण्यासारखी आहेत. कर्नलने आपल्या फाइलच्या पहिल्या ८,१९२ बाइटांत कोठेतरी तीन संख्या लिहून ठेवाव्यात : पहिली ठरलेली खूण, दुसरी आपल्या मागण्यांची, आणि तिसरी अशी की, ३२ बिटांच्या अंकगणितात तिघींची बेरीज शून्य यावी, म्हणजे यदृच्छेने तेथे पडलेले आकडे ओळखपत्र म्हणून खपून जाणार नाहीत. उलटपक्षी बूटलोडरने कर्नलच्या आरंभी उडी घेताना एका रजिस्टरात ठरीव खूणसंख्या ठेवावी, दुसऱ्यात माहितीपत्रकाचा मेमरीतील पत्ता ठेवावा, प्रोसेसर ३२ बिटांच्या संरक्षित स्थितीत आणून द्यावा आणि इंटरप्ट बंद ठेवावेत. स्टॅक मात्र बूटलोडरकडून मिळेल अशी अपेक्षा कर्नलने धरू नये. तो त्याचा त्याने उभारावा. देणे काय आणि न देणे काय, दोन्ही स्पष्टपणे लिहिलेले असणे हे उत्तम कराराचे लक्षण येथे पुरेपूर दिसते.

लिनक्सने आणि विंडोजने हा करार स्वीकारला नाही. तरीही ग्रब सर्वत्र पसरला, कारण तो दोन गोष्टी शिकला : पहिली, डिस्कवरच्या फाइल-पद्धती वाचणे, म्हणजे कर्नल जागेवरून हलला तरी नावाने शोधता यावा, आणि दुसरी, ज्या कर्नलचा जो करार असेल त्या कराराची भाषा त्याच्याशी बोलणे. १९९९ साली तो जीएनयू प्रकल्पात दाखल झाला, पुढे योशिनोरी ओकुजी यांनी त्याची नव्याने बांधणी आरंभिली आणि २०१२ साली तिची दुसरी प्रमुख आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली जी बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रसिद्ध केली तीही ग्रबच्याच हातून उभी राहते.

आता लिनक्सचा स्वतःचा करार पाहू. प्रारंभी लिनक्सचा कर्नल आपला ५१२ बाइटांचा बूटलोडर पोटातच बाळगीत असे आणि फ्लॉपीवरून परभारे सुरू होऊ शके; २.६ या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकण्यात आली आणि त्या जागी, बूटलोडर वापरावा, अशी सूचना करणारा मजकूर तेवढा ठेवण्यात आला. म्हणजे कर्नलने मध्यस्थाची आवश्यकता औपचारिकपणे मान्य केली. कर्नलच्या फाइलच्या आरंभाजवळ ठरीव जागी 'एचडीआरएस' ही चार अक्षरे असतात आणि त्यांच्या लगतच हा कर्नल कराराची कितवी आवृत्ती जाणतो हे लिहिलेले असते. बूटलोडर हे वाचतो, कर्नल मेमरीत आणतो आणि मग ४,०९६ बाइटांचे एक पान भरावयास घेतो.

आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीत एक मामलेदार बदलून दुसरा येतो, तेव्हा जुना अधिकारी रोकड, मोहोर, किल्ल्या आणि दप्तरे यांची याद करून ती नव्याच्या हाती देतो, आणि त्या क्षणानंतर त्या कचेरीत त्याला कोणताही अधिकार उरत नाही. ते ४,०९६ बाइटांचे पान म्हणजे अशीच कार्यभाराची याद होय. तिच्यात मेमरीची फर्द असते : अमुक पत्त्यापासून अमुक पत्त्यापर्यंतची जागा वापरण्यास मोकळी, अमुक जागा फर्मवेअरने, म्हणजे बायॉससारख्या चिपमधल्या प्रोग्रामने, राखून ठेवलेली, अशा १२८पर्यंत नोंदींची तेथे सोय आहे. बूटलोडरने स्वतःचा ओळखक्रमांकही तेथे लिहावयाचा असतो, आणि तो असा मनमानी नव्हे. लिलोला ०, ग्रबला ७, असे क्रमांक नेमून दिलेले आहेत. तिच्यात आणखी एक पत्ता असतो, ज्या ठिकाणी आज्ञांची एक ओळ लिहिलेली असते : मूळ फाइल-पद्धती कोणत्या पार्टिशनवर आहे, पडद्यावर संदेश दाखवावेत की नाही, इत्यादी. मनुष्याने बूटलोडरच्या मेनूत केलेली निवड कर्नलच्या कानी पडते ती या ओळीतूनच. आणि यंत्र चालू झाल्यावरही 'प्रॉक' या डिरेक्टरीत ती ओळ जशीच्या तशी वाचावयास मिळते.

कर्नल या यादीवर विश्वास ठेवतो, किंबहुना त्याला गत्यंतर नसते. राखीव जागा मोकळी म्हणून लिहिली गेली तर कर्नल तेथे बेधडक आपला माल ठेवील. मूळ फाइल-पद्धतीचे पार्टिशन चुकीचे लिहिले गेले तर तो तेथे जाऊन पाहील आणि काही न सापडल्यामुळे जागीच थांबेल. येथे एक पेच उद्भवतो, ज्याची उकल मला या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर वाटते. डिस्क वाचण्यासाठी कर्नलला ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर फाइलरूपाने ठेवलेला! यंत्रागणिक डिस्का निरनिराळ्या असल्यामुळे सगळेच ड्रायव्हर कर्नलच्या पोटात कोंबणेही शहाणपणाचे नव्हे. पण बूटलोडर या क्षणी फर्मवेअरच्या साह्याने डिस्क वाचू शकत असतो. म्हणून त्याने कर्नलसोबतच आरंभिक साहित्याचे एक गाठोडे, ज्याला इनिटरॅमएफएस म्हणतात, मेमरीत आणून ठेवावे आणि त्याचा पत्ता व आकार यादीत लिहावा. कर्नलने ते मेमरीतच उलगडावे, त्यातला ड्रायव्हर काढावा आणि मग डिस्ककडे वळावे. ज्याचा अधिकार काही क्षणांतच संपुष्टात येणार आहे त्याने आपल्या अखेरच्या सामर्थ्याचा उपयोग उत्तराधिकाऱ्याची पहिली अडचण दूर करण्याकडे करावा, हा यातला भाव आहे. त्यानंतर कर्नल स्वतःला उलगडून मेमरीची नवी मांडणी करतो, आणि बूटलोडर जेथे होता ती जागाही इतर मोकळ्या जागेबरोबर वापरात घेतली जाते.

विंडोजशी ग्रबचा व्यवहार याहून अगदी भिन्न. विंडोजच्या कर्नलला काय हवे हे विंडोजचा स्वतःचा बूटलोडरच जाणतो. व्हिस्टापूर्वी ते काम एनटीएलडीआर करी, व्हिस्टापासून बूटएमजीआर करतो. तेव्हा ग्रब कर्नलपर्यंत जातच नाही. तो विंडोजच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर त्या चिरपरिचित ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतो, कोणत्या डिस्कवरून आणला त्याचा क्रमांक बायॉसच्याच रिवाजाप्रमाणे एका रजिस्टरात ठेवतो, आणि बाजूला होतो. यास चेनलोडिंग म्हणतात. काहींच्या मते ही फसवणूक आहे, कारण विंडोजला आपण बायॉसकडूनच आलो असे वाटत राहते. मला ते पटत नाही. १९८३च्या त्या रिवाजाने पूर्वाधिकारी कोण याची चौकशी न करण्याची मुभा सर्वांनाच दिली होती, आणि ग्रबने त्या मुभेची एकही अट मोडली नाही.

रिवाजाबाहेरच्या जागेत मात्र ग्रबलाही त्रास झाला. ४४६ बाइटांत त्याचा सारा पसारा मावणे अशक्य. म्हणून त्याने पहिल्या सेक्टरानंतर आणि पहिल्या पार्टिशनपूर्वी जुन्या मोजणीमुळे पडीक राहिलेल्या ६२ सेक्टरांत आपला मुख्य भाग ठेवला. (६२ सेक्टर म्हणजे ३१,७४४ बाइट, तोच आकडा येथे पुन्हा यावा हा योगायोग गणिताच्या रसिकांसाठी सांगून ठेवतो.) ही जागा कोणाच्याच नावावर लिहिलेली नव्हती, आणि म्हणून विंडोजवर चालणारी काही व्यापारी सॉफ्टवेअरेही परवान्याच्या गुप्त खुणा तेथेच लपवू लागली. त्यांनी एखादा सेक्टर खरडला की ग्रब कोलमडे. अखेर ग्रबच्या कर्त्यांनी तेथील मजकुराला रीड-सॉलोमन संकेतांची जोड दिली, जेणेकरून काही सेक्टर नष्ट झाले तरी उरलेल्यांवरून गणिताने ते पुन्हा उभे करता यावेत. उपाय बुद्धिमत्तेचा खरा. पण बेवारस जागेत राहण्याचा तो दंड होता.

हा बेवारसपणा संपविला तो यूईएफआयने. इंटेलने इटेनियम प्रोसेसरासाठी जी नवी फर्मवेअर-पद्धती आखली होती तिचा कारभार २००५ साली अनेक उत्पादकांच्या संयुक्त मंडळाकडे गेला. तिने बूटलोडरांसाठी डिस्कवर एक स्वतंत्र पार्टिशनच राखून ठेवले, आणि त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला आपापली डिरेक्टरी दिली. कोणत्या क्रमाने कोणाला संधी द्यावयाची ही यादी यंत्राच्या एनव्हीरॅम या, वीज गेली तरी मजकूर टिकविणाऱ्या मेमरीत राहू लागली. मालकीचा प्रश्न चाळीस वर्षांच्या आतच, पण पुष्कळ मनस्तापानंतर, लेखी निकालात निघाला.

या पद्धतीतली एक तरतूद अतिशय विचारपूर्वक लिहिलेली आहे. बूटलोडर चालू असतो तोवर मेमरी, डिस्क, पडदा या सर्वांचा कारभार फर्मवेअरकडेच असतो. कर्नलला पूर्ण ताबा हवा असेल तर 'एक्झिटबूटसर्व्हिसेस' नावाची मागणी करून फर्मवेअरला त्या सेवांतून मुक्त करावे लागते. पण त्याआधी मेमरीची ताजी फर्द मागून घ्यावी लागते, आणि तिच्यासोबत एक संख्या मिळते. ताबा मागताना ती संख्या दाखवावयाची. दरम्यानच्या काळात फर्मवेअरने मेमरीचा एखादा तुकडा कोणाला दिला वा परत घेतला असेल, तर ती संख्या बाद झालेली असते आणि मागणी नामंजूर होते. फर्द पुन्हा मागावी आणि पुन्हा अर्ज करावा. नव्या धन्याने शिळ्या कागदावर ताबा घेऊ नये एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. आणि एकदा मागणी मंजूर झाली की परतीचा मार्ग नाही : घड्याळ, एनव्हीरॅम आणि यंत्र बंद करणे अशा मोजक्या सेवा तेवढ्या मागे उरतात. पूर्वी ही मागणी ग्रब स्वतः करी. २०१२ साली लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत कर्नललाच यूईएफआयचा प्रोग्राम म्हणून उभे राहता येऊ लागले, आणि तेव्हापासून ही अखेरची मागणी कर्नलने आपल्या हाताने करावी असा कल वाढत गेला आहे. मला तो योग्य वाटतो, कारण पुढच्या परिणामांची जबाबदारी कर्नलवर असते.

आतापर्यंत मी बूटलोडरकडून कर्नलकडे जाणाऱ्या मजकुराविषयी बोललो. उलट दिशेनेही निरोप जातात. पुढच्या खेपेस एकदाच विंडोज सुरू व्हावी असे लिनक्सला सांगावयाचे असेल, तर कर्नलमार्फत एनव्हीरॅममध्ये 'बूटनेक्स्ट' ही नोंद लिहिता येते. फर्मवेअर ती पाळते आणि पाळताच पुसून टाकते. ग्रबही आपल्यापुरती १,०२४ बाइटांची एक फाइल ठेवतो, तिच्यात गेल्या खेपेची निवड आणि गेली खेप नीट पार पडली की नाही याची खूण असते. हे झाले लिहिलेले निरोप. पण एकाच यंत्रात राहणारे दोन कर्नल कधीच एकाच वेळी जागे नसल्यामुळे, एकाने मागे ठेवलेल्या वस्तूंचा अर्थ दुसरा आपल्या समजुतीने लावतो, आणि कटकटी तेथे सुरू होतात.

घड्याळाचे उदाहरण तर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. यंत्रातले बॅटरीवरचे घड्याळ स्थानिक वेळ दाखविते असे विंडोज मानते; ते जागतिक प्रमाणवेळ दाखविते असे लिनक्स मानते. लंडनमध्ये हिवाळ्यात हा मतभेद कोणाला जाणवणार नाही. पण महाराष्ट्रात लिनक्सवरून विंडोजकडे वळताच घड्याळ साडेपाच तास मागे पडते, आणि विंडोजने ते दुरुस्त करून ठेवले की लिनक्समध्ये साडेपाच तास पुढे धावते. बूटलोडरच्या मेनूत या बाबीचा उल्लेख कोठेही नसतो, कारण घड्याळ कोणत्या वेळेचे, हे त्या घड्याळात लिहिण्याची सोयच मूळ यंत्रात केलेली नव्हती. लिनक्सला स्थानिक वेळ मानावयास सांगणे किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून तिला प्रमाणवेळ मानावयास लावणे, हेच दोन उपाय. दोन्हींत धन्याला मध्ये पडावे लागते.

याहून गंभीर बाब विंडोज ८ने २०१२ साली आणलेल्या फास्ट स्टार्टअपची. यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली असता विंडोज मनुष्याचे काम आवरते. परंतु कर्नलची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलून घेते. म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे यंत्र बंद असते आणि विंडोजच्या समजुतीप्रमाणे ती निद्रिस्त असते. आता या अवस्थेत मनुष्याने लिनक्स सुरू करून विंडोजच्या पार्टिशनवर एखादी फाइल लिहिली, तर जागी झालेली विंडोज आपल्या जुन्या स्मरणातल्या डिस्कवर विसंबून पुढचे लेखन करील आणि दोघांच्या मजकुराची नासाडी होईल. म्हणून लिनक्सचे ड्रायव्हर विंडोज निद्रिस्त असल्याची खूण दिसताच ते पार्टिशन लेखनासाठी उघडण्यास नकार देतात. हा नकार पाहून अनेकजण लिनक्सला दोष देतात. वस्तुतः त्या क्षणी दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षण लिनक्सच करीत असते. दोन सिस्टिमांच्या यंत्रावर फास्ट स्टार्टअपची सोय बंदच ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शेवटचा विषय सिक्युअर बूटचा. यात फर्मवेअर प्रत्येक बूटलोडरवरची अंकीय सही तपासते आणि ओळखीच्या किल्लीची सही नसेल तर त्याला चालूच देत नाही. बाजारातल्या बहुतेक यंत्रांत ओळखीच्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या असल्यामुळे लिनक्सपुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. २०१२ साली मॅथ्यू गॅरेट यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्राम रचून तो सोडविला : शिमवर मायक्रोसॉफ्टची सही, शिमच्या पोटात लिनक्स-वितरकाची किल्ली, त्या किल्लीने ग्रबची परीक्षा, आणि ग्रबने शिमला विचारून कर्नलची परीक्षा. या साखळीतली एक कडी २०२० साली उघडी पडली. ग्रबच्या मांडणीच्या फाइलवर सही नसते, आणि ती वाचताना होणाऱ्या दोषातून परका प्रोग्राम आत शिरू शके. या दोषाला बूटहोल असे नाव मिळाले. जुने ग्रब बाद करण्यासाठी फर्मवेअरच्या रद्द-यादीत ३ दाखले आणि १५० ठसे (हॅश) लिहावे लागले आणि त्यांनीच त्या यादीच्या ३२ किलोबाइटांतली १० किलोबाइट जागा खाल्ली. हे परवडणारे नव्हते. म्हणून एकेक ठसा लिहिण्याऐवजी पिढीचा क्रमांक लिहावा आणि अमुक पिढीपूर्वीचे सारे बाद समजावे, अशी एसबॅट नावाची पद्धत आली.

ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने ही पिढीमर्यादा पुढे सरकविली. जेथे दोन सिस्टिम असतील तेथे ती लागू होऊ नये असा हेतू होता. पण काही यंत्रांवर ती ओळख पटली नाही, आणि दुसऱ्या दिवशी लिनक्स निवडणाऱ्यांना शिमने सुरक्षाभंगाचा संदेश दाखवून दारातच थांबविले. एका कर्नलने लिहिलेल्या नोंदीमुळे दुसऱ्याच्या बूटलोडरला बंदी झाली, आणि ज्या धन्याच्या मालकीचे ते यंत्र, त्याला कोणी विचारले नाही. सुरक्षेची गरज मी नाकारीत नाही, बूटहोलसारखे दोष बुजविलेच पाहिजेत. परंतु सामायिक एनव्हीरॅममध्ये दुसऱ्याच्या हक्काला बाध आणणारी नोंद करण्यापूर्वी धन्याची संमती घ्यावी असे कलम या करारात असावयास हवे होते, आणि ते अजून घालता येण्यासारखे आहे.

हा प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. ज्या किल्लीने शिमवर सह्या होत आल्या तिचा दाखला २०११ सालचा असून त्याची मुदत २०२६च्या जूनपर्यंतची आहे. मुदत सरली म्हणून आधी सही झालेले बूटलोडर त्या दिवशी बंद पडत नाहीत, कारण फर्मवेअर सहसा सही पाहते, तारीख पाहत नाही. परंतु पुढील शिमवर २०२३च्या नव्या किल्लीची सही असेल, आणि ती किल्ली ज्या यंत्राच्या एनव्हीरॅममध्ये नसेल तेथे नवे शिम स्वीकारले जाणार नाही. ती तेथे पोचविण्याचे काम चालू कर्नलच्याच हातून होते : विंडोजवर तिच्या अद्ययावतीकरणातून, लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी या सेवेमार्फत. मात्र किल्ल्यांच्या वरच्या पायरीवरची किल्ली बदलावयाची तर त्या नोंदीवर यंत्राच्या उत्पादकाची सही लागते, आणि जुन्या यंत्रांबाबत उत्पादक ती देईलच असे नाही. ज्यांच्या शाळेत, ग्रंथालयात वा घरी दोन सिस्टिमांची यंत्रे आहेत त्यांनी नवी किल्ली आपल्या यंत्रात आली आहे की नाही हे पाहून घ्यावे, आली नसल्यास उत्पादकाकडे लेखी मागणी करावी, आणि तेथून नकार आला तर फर्मवेअरच्या मांडणीत शिरून, जेथे तशी सोय दिलेली असेल तेथे, ती किल्ली स्वतःच्या हाताने नोंदवावी.